औषधांची नावं पाठ होत नाहीत, मग फार्माकॉलॉजीची सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, शाळा मराठी माध्यमाची, म्हणून इंग्रजीचीही काळजी. फार्माकॉलॉजीच्या वहीत प्रत्येक औषधाचं नाव, उपयोग, डोस आणि दुष्परिणाम असे चार रकाने आखून दोनशे पानं भरली आहेत. आठवडाभरात सगळं एकमेकांत मिसळतं आणि वॉर्डात सिस्टरांनी विचारलं की काहीच आठवत नाही. विचारणं असं की नेमकं काय करावं, आणि नाही जमलं तर रुग्णाचं नुकसान होईल का.

मी बरीच वर्षं ग्रामीण रुग्णालयात वॉर्ड सांभाळला आणि आता हाच विषय शिकवते. तुमची भीती योग्य जागी आहे, ती घालवू नका. अभ्यासाची पद्धत मात्र आजच बदला. चार रकान्यांची वही बाजूला ठेवा. औषधाचं नाव ही शेवटी शिकायची गोष्ट आहे. आधी विचारा: शरीरातलं कोणतं काम बिघडलंय? ते काम एरवी कोण चालवतं? आणि औषध त्यात नेमकं कुठे हात घालतं? या तिन्हींची उत्तरं आली की नाव आपोआप जागेवर बसतं.

सुरुवात कोणत्या धड्यापासून करायची, याबद्दल माझं मत ठाम आहे: ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम, म्हणजे आपल्या हुकमाशिवाय आपोआप चालणाऱ्या नसा. बहुतेक मुलं हाच धडा रटाळ म्हणून सोडतात आणि थेट अँटिबायोटिक्सवर उडी मारतात. पण आपल्या महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यात हा धडा रोज खाटेवर पडलेला असतो. दोन रुग्ण घेऊन सांगते.

पहिला रुग्ण विदर्भातला किंवा मराठवाड्यातला शेतकरी. कपाशीवर फवारणी करताना कीटकनाशक अंगावर आलं, नाहीतर पोटात गेलं. दुसरा रुग्ण कोकणातला सहा-सात वर्षांचा मुलगा, लाल विंचू चावलेला. दोघेही घामाने निथळतायत, दोघांनाही उलट्या होतायत, दोघांच्याही तोंडातून लाळ गळतेय. नवख्या नजरेला दोघं सारखेच दिसतात. पण पहिल्याला ॲट्रोपिन जितकं लवकर मिळेल तितका त्याचा जीव वाचण्याची शक्यता जास्त, आणि दुसऱ्याला तेच ॲट्रोपिन दिलं तर त्याचं हृदय आणखी संकटात सापडतं. लक्षणं सारखी असताना असं का? हे ज्याला सांगता आलं, त्याची निम्मी फार्माकॉलॉजी झाली असं मी समजते.

हृदयाचे ठोके, लाळ, घाम, आतड्याची हालचाल, बाहुलीचा आकार, श्वासनलिकेची रुंदी, यातलं काहीही आपण हुकूम देऊन चालवत नाही. ते ऑटोनॉमिक नसा चालवतात. त्यांचे दोन विभाग: पॅरासिम्पथेटिक आणि सिम्पथेटिक. पॅरासिम्पथेटिक नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं. ते अवयवावरच्या मस्करिनिक रिसेप्टरवर (रिसेप्टर म्हणजे रसायन बसण्याची ठरलेली जागा) बसतं आणि लाळ सुटणं, नाडी मंदावणं, आतडी हलणं, बाहुली आक्रसणं ही कामं होतात. हेच ॲसिटिलकोलिन हातापायाच्या स्नायूंनाही चालवतं, पण तिथला रिसेप्टर वेगळा, निकोटिनिक. सिम्पथेटिक नसांच्या टोकाशी बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रेनालिन सुटतं आणि ते अल्फा व बीटा रिसेप्टरवर काम करतं: रक्तवाहिन्या आवळतात, ठोके वाढतात. घामाच्या ग्रंथी मात्र अपवाद आहेत. त्यांना जाणारी नस सिम्पथेटिक, पण रसायन ॲसिटिलकोलिन. हा अपवाद आत्ताच डोक्यात पक्का करा, पुढे लागणार आहे.

ॲसिटिलकोलिनचं काम झालं की ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम ते तिथल्या तिथे मोडून टाकतं. ऑर्गनोफॉस्फरस गटातलं कीटकनाशक नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतं. मग ॲसिटिलकोलिन साचत जातं. मस्करिनिक बाजूने लाळ, अश्रू, उलट्या, जुलाब, लघवी, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, मंद नाडी आणि सगळ्यात घातक म्हणजे फुप्फुसात भरत जाणारा स्राव. निकोटिनिक बाजूने आधी स्नायूंची फडफड आणि मग ताकद जाणं.

ॲट्रोपिन मस्करिनिक रिसेप्टरवर जाऊन बसतं. ते ॲसिटिलकोलिन कमी करत नाही, एन्झाइमही सोडवत नाही. गर्दीच्या एसटीत एकाच सीटसाठी दोघांची चढाओढ व्हावी तसं हे आहे. समोर माणसं जास्त असतील तर आपलीही जास्तच लागतात. म्हणूनच भूल देण्यापूर्वी जिथे ०.६ मिलिग्रॅमचं एक ॲम्प्यूल पुरतं, तिथे या रुग्णाला पहिल्यांदाच तीन ते पाच ॲम्प्यूल शिरेतून जातात. पाच मिनिटांनी फरक नसेल तर डोस दुप्पट, पुन्हा पाच मिनिटांनी दुप्पट. पाच, दहा, वीस. नवीन विद्यार्थिनी ट्रेमधली फुटलेली ॲम्प्यूलं बघून घाबरते, कारण तिच्या वहीत ॲट्रोपिनसमोर ‘०.६ मिग्रॅ’ एवढंच लिहिलेलं असतं. चढाओढीचं गणित समजलेली विद्यार्थिनी पुढचं ॲम्प्यूल फोडायला तयार उभी असते.

मग थांबायचं कुठे? छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर घरघर ऐकू येत नाही, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, आणि काख कोरडी. काखेत हात घालून बघायचं, हे मी प्रत्येक बॅचला खाटेशी उभं करून करायला लावते. बाहुल्या मोठ्या झाल्या की पुरे, असं अजूनही काही ठिकाणी चालतं. पण बाहुल्या उशिरा बदलू शकतात, फुप्फुस वाट बघत नाही. नाडी वाढली म्हणूनही घाबरून थांबायचं नाही. त्यानंतर, लागलेल्या एकूण डोसच्या साधारण १० ते २० टक्के दर तासाला, असं इन्फ्युजन (शिरेतून सलग सोडलेलं औषध) चालू राहतं. रुग्णाला ताप चढला, तो चादर ओढायला, बडबडायला लागला, पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तर आतड्यांचा आवाजच नाही, तर ॲट्रोपिन जास्त होतंय. तेव्हा लगेच डॉक्टरांना कळवायचं. ही लक्षणं वेगळी पाठ करू नका. मस्करिनिक कामांची यादी उलटी वाचा, ती तुमच्यासमोर येतील.

आता यातला फार महत्त्वाचा भाग. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छाती कोरडी आहे, रुग्ण बोलतोय, नातेवाईक घरी कधी सोडणार विचारतायत, आणि अचानक श्वास कमी पडायला लागतो. एवढं ॲट्रोपिन देऊनही कसं? कारण ॲट्रोपिनचा निकोटिनिक रिसेप्टरशी संबंधच नाही. श्वासाचे स्नायू त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. म्हणून राउंड घेताना रुग्णाला सांगायचं, ‘दादा, उशीवरून डोकं उचला बघू.’ मानेचे स्नायू बहुधा आधी दुबळे होतात. डोकं उचलता येत नसेल तर ती धोक्याची घंटा समजा. ऑक्सिजनचा आकडा खाली येण्याची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा, व्हेंटिलेटर लागू शकतो. ही दहा सेकंदांची तपासणी आहे आणि ती रिसेप्टरच्या धड्यातून आलेली आहे.

याच रुग्णाला प्रालिडॉक्सिम, म्हणजे वॉर्डातलं ‘पाम’, दिलेलं दिसेल. ते विषाला एन्झाइमवरून सोडवतं, पण वेळ गेला की ती पकड सुटण्यापलीकडे जाते. या औषधाबद्दल एकमत नाही. आपल्याच बारामतीत झालेला आणि २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास मोठ्या डोसच्या सलग इन्फ्युजनच्या बाजूने होता, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतल्या चाचणीत फायदा दिसला नाही. तुम्हाला दोन डॉक्टर दोन पद्धतीने हे औषध देताना दिसले तर गोंधळून जाऊ नका. ॲट्रोपिनबद्दल मात्र असा वाद नाही.

आणखी एक. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथे वापरलेली सगळीच कीटकनाशकं ऑर्गनोफॉस्फरस गटातली नव्हती. शेतकऱ्याच्या अंगाला औषधाचा वास येतोय म्हणून ॲट्रोपिनच, असं समीकरण नसतं. नातेवाइकांना डबा किंवा बाटली आणायला सांगा आणि लेबलवरचं रासायनिक नाव केसपेपरवर लिहा. हातमोजे घालून रुग्णाचे कपडे काढा, अंग साबणपाण्याने धुवा. त्वचेवरून शोषण चालूच राहतं, ते थांबवणं हाही फार्माकॉलॉजीचाच भाग आहे.

आता कोकणातला मुलगा. लाल विंचवाचं विष नसांमधल्या सोडियमच्या वाटा बंद होऊ देत नाही, त्यामुळे नसा संदेश पाठवतच राहतात, दोन्ही विभागांच्या. सुरुवातीला ॲसिटिलकोलिनची लक्षणं उठून दिसतात: उलट्या, लाळ, प्रचंड घाम, मुलग्यांमध्ये लिंग ताठरणं. पण लवकरच नॉरॲड्रेनालिन-ॲड्रेनालिनचा लोंढा वरचढ होतो. हातपाय बर्फासारखे गार, बीपी वाढलेलं, हृदय धावतंय, आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून ते थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. घाम मघाशी सांगितलेल्या अपवादामुळे: नस सिम्पथेटिक, रसायन ॲसिटिलकोलिन. म्हणून घाम दोन्ही रुग्णांना, पण कारणं वेगळी. या मुलाला ॲट्रोपिन दिलं तर हृदयावर उरलेला पॅरासिम्पथेटिकचा लगामही सुटतो. हातपाय गार की गरम, बाहुल्या बारीक की मोठ्या, नाडी मंद की जलद, एवढं बघितलंत तरी दोन रुग्ण वेगळे ओळखता येतात.

या मुलाला हवं ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध. त्या आवळल्यात अल्फा-१ रिसेप्टरमुळे, म्हणून अल्फा-१ अडवणारं प्राझोसिन. ही मूळची बीपीची गोळी. रायगड जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८० च्या दशकात विंचूदंशाच्या रुग्णांना ती द्यायला सुरुवात केली, नोंदी ठेवल्या आणि त्या ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडल्या. त्याआधी गंभीर रुग्णांपैकी कितीतरी दगावायचे. प्राझोसिन आल्यावर त्यांच्या नोंदींत हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. २०११ मध्ये त्यांचीच महाडची चाचणी ‘बीएमजे’त आली. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिली तर रुग्ण लवकर बरे होतात, असं तिच्यात दिसलं. डॉ. हिम्मतराव बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे आणि ते शिकवताना दर वेळी अभिमान वाटतो, कारण मोठं यंत्र नसताना, रिसेप्टरचा नीट विचार करून, एका साध्या गोळीने हे झालं.

नर्स म्हणून तुमचं काम इथे बारकाईचं आहे. मुलांमध्ये डोस दर किलोला ३० मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजारपट फरक आहे, ऑर्डर वाचताना बोट ठेवून वाचा. गोळी साधी हवी, हळूहळू विरघळणारी नको. पहिल्या डोसनंतर बीपी एकदम उतरू शकतं, म्हणून मूल आडवंच ठेवायचं. आई त्याला कडेवर घ्यायला धावणारच. तिला शांतपणे समजवायचं की थोडा वेळ शेजारी बसा, डोक्यावरून हात फिरवा, पण उचलू नका. दर अर्ध्या तासाने नाडी, बीपी, श्वास. आणि पावलांना हात लावून बघायचं. पावलं गरम व्हायला लागली की औषध लागू पडतंय.

एवढा एक धडा असा शिकलात की बघा किती नावं फुकट मिळतात. दम्याच्या रुग्णाला नेब्युलायझरमधून साल्ब्युटामॉल दिलं, हात थरथरतात, छातीत धडधडतं: बीटा. दमा असलेल्या बीपीच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल नको: तोच बीटा, उलट्या बाजूने. दम्याच्या ड्युओलिनमधलं इप्राट्रोपियम ॲट्रोपिनचंच भावंड. पोटात पिळवटून येतं म्हणून ब्युस्कोपान, त्याने तोंड कोरडं. नेत्रशिबिरात बाहुली मोठी करायला ट्रॉपिकामाइड. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणारे आजोबा रात्री लघवीला उठताना चक्कर येऊन पडतात: प्राझोसिनच्या मुलाला आडवं का ठेवलं ते आठवा. ऑपरेशननंतर भूलतज्ज्ञ निओस्टिग्मिनबरोबर ग्लायकोपायरोलेट का देतात? स्नायूंसाठी ॲसिटिलकोलिन वाढवायचंय, पण त्याने नाडी मंदावायला नको. पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर ॲनाफिलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी) झाला तर प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनालिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत: अल्फा रक्तवाहिन्या आवळून बीपी धरतो, बीटा श्वासनलिका उघडतो. आता ही नावं तुमच्या दोनशे पानांत शोधा आणि बघा, दुष्परिणामांचा रकाना न वाचता सांगता येतो की नाही.

इथवर औषध शरीराचं काय करतं ते झालं. दुसरी बाजू म्हणजे शरीर औषधाचं काय करतं: शोषण, वितरण, चयापचय, उत्सर्जन. पुस्तकं याच्यापासून सुरुवात करतात, म्हणून ते कोरडं वाटतं. तुम्ही प्रत्येक टप्प्याला एक ओळखीचं औषध बांधा. सॉर्बिट्रेट जिभेखाली का, गिळलं तर काय बिघडतं? गिळलं तर ते आतड्यातून आधी यकृतात जातं, बराचसा भाग तिथेच मोडला जातो, आणि असरही उशिरा येतो. छातीत दुखणाऱ्याला तेवढी सवड नसते. थायरॉक्सिनचा डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) सहा आठवड्यांनीच का? रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, आणि कुठल्याही औषधाची पातळी स्थिरावायला असे चार-पाच कालखंड जावे लागतात. आठ दिवसांत तपासणी केली तर आकडा दिशाभूल करतो.

चयापचयासाठी माझं आवडतं उदाहरण रिफॅम्पिसिन, कारण टीबीचे रुग्ण तुम्हाला रोज भेटणार. रिफॅम्पिसिन यकृतातली एन्झाइम्स वाढवतं आणि मग ती एन्झाइम्स दुसऱ्या औषधांनाही झपाट्याने मोडतात. टीबीचा उपचार घेणारी बाई गर्भनिरोधक गोळ्या नियमित घेत असली तरी दिवस राहू शकतात. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन चालू असेल तर ते पुरेनासं होतं. आणि टीबीचा कोर्स संपला की काही आठवड्यांत एन्झाइम्स पूर्ववत होतात. वाढवलेला वॉरफरिनचा डोस तसाच राहिला तर रक्तस्राव. डॉट्सच्या गोळ्या देताना लघवी लाल-नारिंगी होईल हे आपण सांगतो, कारण रुग्ण घाबरून औषध सोडतो. त्याच दमात बाईला विचारा, ‘ताई, पाळणा लांबवायच्या गोळ्या घेता का?’ हा प्रश्न विचारणारं दुसरं कोणी बहुधा नसतं.

उत्सर्जन आणि सुरक्षित मर्यादा हे दोन्ही एकत्र शिकायचं असेल तर लेबर रूममध्ये जा. एक्लॅम्प्शियामध्ये (गरोदरपणात बीपी वाढून फिट्स येणं) फिट्स थांबवायला मॅग्नेशियम सल्फेट देतात. सुरुवातीला ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि १० ग्रॅम स्नायूत, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच. मग दर चार तासांनी ५ ग्रॅम. आपल्याकडचं ॲम्प्यूल ५० टक्क्यांचं, २ मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम. ते तसंच शिरेत देत नाहीत. चार ॲम्प्यूल म्हणजे ८ मिलिलिटर, त्यात १२ मिलिलिटर पाणी किंवा सलाइन घालून २० मिलिलिटर, म्हणजे २० टक्के. हे गणित कागदावर स्वतः करून बघा.

पुढचा डोस भरण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्याचा झटका येतोय का, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का, आणि गेल्या चार तासांत लघवी तासाला किमान ३० मिलिलिटरच्या हिशेबाने झाली का. या तीनच का, ते समजून घ्या. मॅग्नेशियम बाहेर जायची वाट मूत्रपिंडातून आहे. लघवी थांबली की प्रत्येक नवा डोस आधीच्यावर साचतो. पातळी वाढली की आधी गुडघ्याचा झटका जातो आणि त्यानंतर, आणखी वाढल्यावर, श्वास थांबतो. या दोन्हींच्या मधल्या अंतरात तुम्हाला पावलं उचलायची असतात. गुडघ्याचा झटका येत नसेल तर डोस भरायचा नाही, डॉक्टरांना बोलवायचं, आणि १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं १० मिलिलिटरचं ॲम्प्यूल खाटेशी आधीपासून हवं. शोधायला फार्मसीत जायची वेळ येऊ नये. औषधाचा उपयोगी डोस आणि घातक डोस यांच्यातलं अंतर कमी, हे वाक्य परीक्षेत कोणीही लिहितं. गुडघ्यावर हॅमर मारून पाय हलला नाही, की त्याचा अर्थ कळतो.

आता गणित. यात मी कुणालाच सूट देत नाही, कारण रुग्णाचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. बाळाचं वजन ८ किलो, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं असेल तर ५ मिलिलिटर. पण ड्रॉप्स एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे असतात, ते १.२ मिलिलिटर. घरी जाताना आईला ‘पाच एमएल द्या’ एवढंच सांगितलं आणि तिच्या घरात ड्रॉप्सची बाटली असेल तर बाळाला ५०० मिलिग्रॅम जातं, चौपटीहून जास्त. म्हणून आईच्या हातातली बाटली बघायची, तिच्या ड्रॉपरवर नखाने खूण दाखवायची, आणि तिच्याकडून एकदा भरून घ्यायचं.

इन्सुलिनचंही असंच. आपल्याकडे वायल बहुधा ४० युनिट प्रति मिलिलिटरची, आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या काडतुसातलं इन्सुलिन १०० युनिटचं, आणि १०० च्या सिरिंजचं टोपण नारिंगी. पेन बिघडलं म्हणून कोणी काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर ते अर्धा मिलिलिटर झालं, म्हणजे ५० युनिट. रुग्ण रात्रीतून बेशुद्ध. उलट, ४० च्या वायलमधून नारिंगी सिरिंजने २० ची खूण भरली तर रुग्णाला मिळाले फक्त ८ युनिट, आणि सकाळी सगळे विचारतात शुगर का उतरली नाही. वॉर्डात दोन्ही सिरिंज हातात घेऊन, साधं पाणी भरून, हे स्वतः मोजा. एकदा मोजलं की विसरत नाही.

पोटॅशियम क्लोराइडचं १० मिलिलिटरचं ॲम्प्यूल दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखं असतं, त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, आणि ते थेट शिरेत दिलं तर हृदय थांबतं. ते सलाइनमध्ये मिसळून, बाटली नीट हलवून, सावकाशच जातं. यावर जास्त बोलायची गरज नाही. लेबल मोठ्याने वाचा, दुसऱ्या सिस्टरला दाखवा, मगच फोडा.

आता तुमच्या इंग्रजीच्या काळजीबद्दल. औषधांची मूळ नावं ना मराठी मुलांच्या सोयीची आहेत ना इंग्रजी. सगळ्यांनाच ती नव्याने शिकावी लागतात, त्यामुळे तुम्ही मागे नाही. शेपटीकडे लक्ष द्या. ‘-ओलॉल’ बहुतेक बीटा अडवणारी, ‘-झोसिन’ अल्फा, ‘-प्रिल’ आणि ‘-सार्टन’ बीपीची, ‘-प्राझोल’ ॲसिडची. प्राझोसिन आणि पँटोप्राझोल ऐकायला जवळची, कामं मात्र पूर्ण वेगळी; म्हणून शेपूट शेवटपर्यंत वाचायची. ब्रँडची नावं दर दुकानात बदलतात, ती पाठ करण्यात वेळ घालवू नका. स्ट्रिपवर बारीक अक्षरात छापलेलं मूळ नाव वाचायची सवय लावा.

नवी वही घ्या. एका पानावर एकच रुग्ण, नाव न लिहिता: वय, वजन, आजार, चालू असलेली औषधं. प्रत्येक औषधापुढे तीन वाक्यं तुमच्या स्वतःच्या मराठीत. ते कुठे काम करतं, शरीराबाहेर कुठून जातं, आणि देण्याआधी मी काय बघेन. तिसरं वाक्य लिहिता येत नसेल तर ते औषध अजून कळलेलं नाही, पुस्तक पुन्हा उघडा. आठवड्याला दोन रुग्ण पुरेत. परीक्षेचं इंग्रजी उत्तर या तीन वाक्यांवरून लिहिता येतं. मुलं आधी इंग्रजी उत्तर पाठ करतात आणि त्यात एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं.

पहिले दोन रुग्ण कोणते घ्यायचे ते तर ठरलेलंच आहे. विंचवाचा रुग्ण तुमच्या भागात नसेल तर त्याच्या जागी दम्याचा घ्या, आणि साल्ब्युटामॉल दिल्यानंतर त्याची नाडी स्वतः मोजा.